बॉम्ब खोटा, गाडी खरी

मंगळवार, ४ मार्च

सोफावाला आज गाडीच्या परीक्षेत पुन्हा नापास झाला. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यानेच साहेबांना फोन करून ही बातमी पक्की केली. चढावर थांबवलेली गाडी पुढे न्यायची होती. सोफावाल्याने ती मागे नेली, आणि मग इंजिन चालूच ठेवून खाली उतरला आणि मागच्या गाडीवाल्याची माफी मागत बसला.

"तुमचा अतिरेकी हँडब्रेक विसरतो," साहेब म्हणाले.

"शिकेल, साहेब."

"कधी? एप्रिलच्या आत एक तरी केस उभी राहिली नाही, तर आपल्या शाखेला टाळं. मग तुम्ही आणि मी चौकात उभे राहून शिट्ट्या फुंकू."

सोफावाला हा आमच्या दहशतवादविरोधी शाखेचा सध्याचा एकमेव संशयित. गल्लीच्या टोकाला त्याचं जुने सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान आहे. मागे दोन खोल्या, त्यात तो आणि त्याची आई. गेल्या वर्षी पाणीपुरवठा ऑफिसच्या खिडकीसमोर खेटे घालून घालून तो एकदा ओरडला, "हे ऑफिस बॉम्ब लावून उडवून दिलं पाहिजे!" खिडकीतल्या कारकुनाने ताबडतोब कळवलं. पाणी त्याच्याकडे अजून आलेलं नाही, पण मी आलो.

मोडकी आरामखुर्ची घेऊन गिऱ्हाईक म्हणून गेलो आणि ओळख वाढवली. माझी खोटी कहाणी मीच रचली आहे आणि तिचा मला थोडा अभिमान आहे: धाकटा भाऊ त्या ऑफिसने खणलेल्या खड्ड्यात पडून गेला, त्या दुःखात बायको सोडून गेली, आता सूड हाच ध्यास. आम्हा दोघांच्या संघटनेचं नाव 'ज्वाळा' हे साहेबांनी सुचवलं. झेंडा सोफावाल्याने शिवला, उरलेल्या पडद्याच्या कापडाचा. कडेला सुरेख पाइपिंग लावली आहे.

बेत असा: सुट्टीच्या दिवशी सोफावाला पेटी ठेवलेली गाडी चालवत ऑफिसपाशी नेईल आणि बटण दाबेल. पेटीत वाळू असेल. बटण दाबलं की आम्ही धरणार. शिक्षा जन्मठेप, त्याहून कमी नाही.

फक्त त्याला गाडी आली पाहिजे.

गुरुवार, ६ मार्च

आज वकीलबाईंबरोबर बैठक. खात्याने त्यांना कंत्राटावर घेतलं आहे आणि त्या बोलतात कमी, खोडतात जास्त. मी सुचवलं की गाडी मी चालवतो, सोफावाल्याने फक्त बटण दाबावं.

"म्हणजे पेटी देणारे तुम्ही, नाव ठेवणारे तुम्ही, गाडी नेणारेही तुम्हीच," त्या म्हणाल्या. "त्याने काय केलं? बटण दाबलं. बटण तर माणूस लिफ्टमध्येही दाबतो."

"मग तो विनालायसन्स चालवू दे. अतिरेकी लायसन्स काढतात का?"

यावर साहेब उसळले. "सरकारी गाडी आहे ती! विनापरवाना माणसाच्या हातात दिली तर ऑडिटवाले माझी पेन्शन अडकवतील. बॉम्ब खोटा असला तरी गाडी खरी आहे."

वकीलबाईंनी विचारलं, आतापर्यंतच्या टेपवर तो स्वतःच्या तोंडाने काय म्हणतो? मी खरं ते सांगितलं. बहुतेक वेळा "हं" म्हणतो.

"'हं'ला जन्मठेप होत नाही. त्याला बोलतं करा."

साहेब उंटावरून शेळ्या हाकतात हे खरं, पण आजचा मुद्दा त्यांचा बरोबर होता.

शनिवार, ८ मार्च

धमकीचं पत्र लिहायला बसलो. दुकानात, अर्धवट सोललेल्या सोफ्यावर. मी मजकूर सांगायचा, त्याने स्वतःच्या अक्षरात उतरवायचा, असं ठरलं होतं. मी सांगितलं, "नीच आणि निर्लज्ज अधिकाऱ्यांनो!" त्याने लिहिलं, "माननीय महोदय".

"अहो, धमकी आहे ही."

"असू दे ना, भाऊ. सुरुवातीलाच वाकडं लिहिलं तर पुढचं कोण वाचतं?"

मग म्हणाला, ऑफिस उडवण्याच्या दिवशी आसपास कोणी थांबू नये, ही ओळ ठळक हवी. मग म्हणाला, तारीख आत्ता नको घालायला, मागाहून घालू. मग म्हणाला, खाली नळजोडणीचा अर्ज क्रमांक टाकू, म्हणजे त्यांना फाइल लगेच सापडेल. शेवटी त्याने लिहिलं, "कळावे, लोभ असावा." मी कागद घडी करून खिशात टाकला. हस्ताक्षर त्याचं आहे, कोर्टात तेवढं पुरे.

माझ्या कोटाच्या वरच्या बटणात टेप करायचं यंत्र आहे. ते लोंबताना त्याला दिसलं. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने कोट काढून घेतला आणि सोफ्याच्या मेण लावलेल्या दोऱ्याने बटण पक्कं करून दिलं. "आता कोट फाटेल, पण बटण तुटणार नाही," म्हणाला. शाखेत आल्यावर पाहिलं, तर बटण उलटं बसलं आहे, तोंड माझ्या हनुवटीकडे. उसवायला गेलो तर कापडच टरकायला लागलं. राहू दिलं.

रविवार, ९ मार्च

सकाळी गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडीचा सराव. सोफावाला आधी सीटच्या कव्हरची शिवण बघतो, मग आरसा. गिअर टाकताना असा चेहरा करतो, जणू कोणाचा दात काढतोय.

एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी झाली. वळणावर एक कुत्रं अचानक आडवं आलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडीने कुत्र्याला वळसा घातला होता, दोन पिंपांच्या मधून निघाली होती आणि पुन्हा आपल्या बाजूला लागली होती. सोफावाल्याचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर, चेहरा शांत. मी म्हणालो, "वा!" त्याबरोबर त्याने गाडी बंद पाडली.

"नशीब," तो म्हणाला.

नशीबच. पाण्यात पडल्यावर माणूस हातपाय मारतोच.

घरी त्याच्या आईने गरम सूप दिलं. मी तिला मावशी म्हणतो. तिला सांगितलं की हा गाडी शिकतोय, तर ती हसायलाच लागली. "हा शिकतोय? अरे, आपला टेम्पो होता तेव्हा अख्ख्या शहरात सोफे कोण पोचवत होतं, मी?"

"आई, झाली त्याला कितीतरी वर्षं," सोफावाला घाईने म्हणाला. "लायसन्सची मुदत संपली, हातही गेला. विसरलो सगळं."

बिचाऱ्या मावशीचं वय झालं आहे. काहीतरी वेगळंच आठवत असेल.

बुधवार, १२ मार्च

आज त्याला बोलतं करायचंच, असा निश्चय करून गेलो. ऑफिसविषयी, सूडाविषयी, रक्ताविषयी मी तासभर बोललो. इतका रंगलो की उठून येरझाऱ्या घालायला लागलो. तो खिळे काढत होता. मी थांबलो तेव्हा म्हणाला, "भाऊ, रात्री झोप लागते का तुम्हाला?"

"झोप? ते ऑफिस उभं असेपर्यंत कसली झोप!"

"तेच म्हणतोय मी. इथे कोपऱ्यावर एक डॉक्टर आहेत. गोळ्या देत नाहीत उठसूट. ऐकून घेतात."

मी विषय बटणावर आणला. "ते बटण कोण दाबणार? सांगा, तोंडाने सांगा."

"तुम्ही नका दाबू म्हणजे झालं," तो म्हणाला.

हे वाक्य मी खूण करून टिपून ठेवलं. वकीलबाईंना आवडेल. म्हणजे दाबायची जबाबदारी तो घेतोय.

निघताना मावशीने मला बाजूला घेतलं. तिच्या नणंदेची मुलगी शाळेत शिकवते, एकटीच आहे, स्वभावाने गरीब. "झालं गेलं विसर बाळा. बायको गेली म्हणजे आयुष्य गेलं का? एकदा बघायला काय जातं?" मी म्हटलं, विचार करतो. खात्याच्या नियमात यावर काही नाही.

घरी गेलो तर माझ्या खऱ्या बायकोने विचारलं, भांडार विभागात आज काय झालं? तिच्या लेखी मी तिथे कामाला आहे. म्हटलं, खुर्च्या मोजल्या. ती बरं म्हणाली आणि टीव्हीकडे वळली. दुकानात एवढं बोलून आल्यावर घरी काही बोलायला उरत नाही.

मंगळवार, १८ मार्च

सोफावाला पास झाला. साहेबांनी परीक्षा अधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याला फोन केला होता. त्यामुळे आज सोफावाल्याने फुटपाथवर गाडी चढवली, सिग्नलला वायपर लावला, आणि "थांबा" अशा पाटीवरून तसाच पुढे गेला, तरी अधिकारी प्रत्येक वेळी "छान" म्हणत राहिला.

लायसन्स हातात आल्यावर सोफावाल्याचा चेहरा पडला.

"भाऊ, यांची काहीतरी चूक झाली असेल. मी परत देऊन येऊ का?"

"वेडे आहात का? तुम्ही पास झालात!"

"हं," तो म्हणाला. मग बराच वेळ लायसन्सवरचा स्वतःचा फोटो बघत राहिला. काही माणसांना यश झेपत नाही.

येत्या शुक्रवारी सुट्टी आहे. घोडामैदान जवळ आलं.

शुक्रवार, २१ मार्च

झालं नाही.

सकाळी गाडी घेऊन निघालो. मी शेजारी, मागे पेटी. साहेब आणि आमची माणसं ऑफिससमोरच्या लॉन्ड्रीत दबा धरून. सोफावाला आज गाडी लोण्यासारखी चालवत होता.  ऑफिसपाशी आलो तर दारासमोर पाटी: "गाडी लावू नये."

"इथे लावता येत नाही," तो म्हणाला.

"अहो, आपण ऑफिस उडवायला आलोय!"

"हो, पण त्यासाठी पावती फाटली, तर लायसन्स आजच्या आज जाईल. किती खटपटीने मिळवलंत तुम्ही ते."

आम्ही फेऱ्या मारल्या. एका गल्लीत जागा होती, ती डॉक्टरांसाठी राखीव. दुसरीकडे होती, तिथून ऑफिसच दिसत नव्हतं. प्रत्येक फेरीला लॉन्ड्रीच्या काचेतून साहेबांचं नाक दिसत होतं. शेवटी सोफावाला म्हणाला, "पेट्रोल संपत आलंय, भाऊ. आई वाट बघत असेल," आणि घरी घेऊन आला. मावशीने दार उघडलं आणि का कोण जाणे, आधी त्याच्या आणि मग माझ्या गालावरून हात फिरवला.

साहेब फोनवर एवढे ओरडले की मला शब्द कळले नाहीत. संध्याकाळी शांत झाले. सोमवारी परत जायचं आणि तोवर ऑफिसच्या दारात 'राखीव' अशी पाटी लावून आपल्या गाडीसाठी जागा धरायची, असं ठरलं. सोमवार कामाचा दिवस आहे, पण पाटीची मंजुरी त्याआधी येत नाही. पाणीपुरवठ्याच्या लोकांना साहेब "अग्निशमन सराव" म्हणून बाहेर काढणार आहेत.

सोमवार, २४ मार्च

दुकान बंद. सोफावाला नाही. मावशी म्हणाली, सकाळीच चांगला शर्ट घालून बाहेर पडला, कुठे ते सांगितलं नाही.

पाणीपुरवठ्याचे कर्मचारी दुपारपर्यंत रस्त्यावर उभे होते. राखीव जागेत एक दूधवाला सायकल लावून गेला.

पळाला असेल का? सुगावा लागला असेल का? पण कुठे चुकलो मी?

मंगळवार, २५ मार्च

पळालेला नाही. काल सोफावाला पोलीस चौकीत गेला आणि त्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली. चौकीतून ती आज साहेबांच्या टेबलावर आली, आणि साहेबांनीच मला वाचून दाखवली.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं: माझा एक मित्र आहे. माणूस वाईट नाही. भावाच्या दुःखाने त्याचं डोकं फिरलंय आणि बायकोही नाही. बॉम्ब कुठून तरी आणलाय. मी त्याला तोडलं तर तो एकटाच जाऊन उडवील, म्हणून इतके दिवस हो ला हो करत राहिलो. जमेल तेवढे दिवस काढले. आता काढता येत नाहीत. त्याला थांबवा, पण मारू नका. आणि कुलूपबंद करायच्या आधी डॉक्टरला दाखवा.

मी थक्क झालो. ज्या माणसाला मी गाडी शिकवली, त्याने असं करावं! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. एका सरळ नागरिकाने स्वतःहून तक्रार दिली, म्हणजे आता त्याच्यावर केस होणं शक्य नाही. शाखेला टाळं, हे दोघांच्याही डोक्यात होतं.

गुरुवार, २७ मार्च

वकीलबाई म्हणजे बाई नव्हे, हिरा आहे.

त्यांनी सगळ्या टेप पहिल्यापासून ऐकल्या. सोफावाल्याचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा. "हं", "चहा घेणार?", "जपून". पण माझा आवाज, त्या म्हणाल्या, रेडिओसारखा स्वच्छ. कट रचणं आहे, चिथावणी आहे, पत्राचा मजकूर आहे, पेटीचं वर्णन आहे, तारीख आहे, जागा आहे.

"इतका भक्कम पुरावा मी आजवर पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "आरोपी हातचा सोडू नका."

"कोण आरोपी?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मग साहेबांनी नीट समजावलं. अटक मला नाही, माझ्या खोट्या नावाला होणार. त्या नावाचं ओळखपत्र आहे, भाड्याची खोली आहे, मेलेला भाऊ आहे. कागदोपत्री तो माझ्यापेक्षा पक्का माणूस आहे. तक्रारदार प्रामाणिक, साक्षीदार तोच, बॉम्बची पेटी जप्त. महिन्याभरात निकाल, शाखा वाचली, मग मला मागच्या दाराने बाहेर काढणार. आत असेपर्यंत ओळख उघड करायची नाही, नाहीतर सगळी केस कोसळेल.

"हे तुमच्या नोकरीतलं सर्वांत मोठं काम आहे," साहेब म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी मला असं काही म्हटल्याचं आठवत नाही. मी हो म्हणालो.

रविवार, ३० मार्च

तक्रार झाल्याचं मला माहीत नाही, असं दाखवायचं होतं म्हणून नेहमीसारखा दुकानात गेलो. आरामखुर्ची तयार होती. नवे स्प्रिंग, नवं कापड, हिरवं.

"बसून बघ," सोफावाला म्हणाला. आजवर तो मला तुम्ही म्हणायचा.

बसलो. इतकी चांगली खुर्ची आमच्या घरात नाही. तो समोर स्टुलावर बसला आणि हात पुसत राहिला, स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"तू माझ्यावर रागावशील कधीतरी," तो म्हणाला.

"का बरं?"

"असंच. रागाव, पण एक ऐकून ठेव. तू कुठेही असलास, कसल्याही जागी असलास, तरी मी दर रविवारी येणार. तू भेटायला नको म्हणालास तरी येणार. बाहेर बसून राहीन."

आतून मावशी म्हणाली, "मी पण येणार. गुडघे दुखले तरी."

केलेल्या गोष्टीचं ओझं असं बाहेर पडतं. तक्रार देणाऱ्यांचं हे नेहमीचं आहे, प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी रुमाल काढला. धूळ फार असते त्या दुकानात, डोळ्यांत जाते.

बायकोला सांगितलं की भांडार विभागाच्या प्रशिक्षणाला जायचंय, महिनाभर फोन करता येणार नाही. "जाड मोजे ने," ती म्हणाली. मग टीव्ही बंद करून म्हणाली, "महिनाच ना?"

बुधवार, २ एप्रिल

साहेबांची बदली झाली. आज दुपारी त्यांनी स्वतःच मला ही बातमी दिली. बढतीवर, फार लांब. केस उभी राहिल्याचं वर कळलं आणि लगेच हुकूम निघाला. उद्याची अटक हे त्यांचं इथलं शेवटचं काम. वकीलबाईंचं कंत्राटही परवाच संपलं.

मी विचारलं, "मग मला बाहेर कोण काढणार?"

"नवे साहेब येतायत ना. त्यांना तोंडी सांगून ठेवतो. लेखी काही ठेवायचं नाही, हे गुपित काम आहे."

"कधी येतायत?"

"नेमणूक व्हायचीय अजून." माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका. तुमचा साक्षीदार भक्कम आहे."

अटक उद्या सकाळी, दुकानातच. वार्ताहर येणार आहेत. मी थोडी झटापट करायची, फार नाही, आणि "सगळं मीच केलं" असं मोठ्याने म्हणायचं. पाठ करावं लागलं नाही, खोटं त्यात काही नाही.

सोफावाल्याला साक्षीदार म्हणून हजर राहायला सांगितलं, तेव्हा त्याने एक अट घातली. हातकड्या घालण्याआधी मला बसून चहा पिऊ द्यावा, आणि तोवर कोणी आत येऊ नये. साहेबांनी अट मान्य केली आहे. तेव्हा उद्या आधी चहा होईल. मावशी करणार आहे. कप रिकामा झाला की सोफावाला दार उघडेल आणि मग बाकीचे आत येतील.